चार वाद्ये, तीन इफेक्ट आणि दोन इनपुटांचा इंटरफेस: जोडणी कशी करावी?

उदगीरच्या एका तरुण कीबोर्डवादकाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्याच्याकडे ऑर्केस्ट्रात बरीच वर्षे वाजवलेला ७६ पट्ट्यांचा वर्कस्टेशन कीबोर्ड, दोन छोटे ॲनालॉग सिंथ (एक मोनो, एक स्टिरिओ), काड्यांनी वाजवायचा एक ऑक्टापॅड, डिले आणि डिस्टॉर्शन अशी दोन पेडल आणि रॅकमध्ये बसणारा एक रिव्हर्ब आहे. संगणक म्हणजे विंडोजचा लॅपटॉप आणि त्याला दोन इनपुट व दोन आउटपुटांचा इंटरफेस, म्हणजे वाद्यांचा आवाज संगणकात नेणारा आणि बाहेर आणणारा डबा. प्रत्येक वेळी एका वाद्याची पिन काढून दुसऱ्याची घालावी लागते, सॉफ्टवेअर चालू केले की कीबोर्डचा एकच सूर दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो आणि यूएसबी लावली की स्पीकरमधून बारीक किरकिर सुरू होते. त्यावर उपाय म्हणून सोळा चॅनेलचा मिक्सर घ्यावा का, असे त्याने विचारले आहे.

मिक्सर आत्ता घेऊ नका. इनपुट किती लागतात हे वाद्ये किती आहेत यावर ठरत नाही, एका वेळी किती वाद्ये रेकॉर्ड होणार यावर ठरते. तुम्ही एकटे काम करता आणि तुम्हाला हात दोनच आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा एकच वाद्य नोंदवले जाणार. साधा ॲनालॉग मिक्सर घेतला तर सगळी वाद्ये एकत्र ऐकू येतील हे खरे, पण संगणकात मात्र त्या सगळ्यांची मिळून एकच स्टिरिओ जोडी जाईल आणि दुसऱ्या दिवशी ऑक्टापॅड थोडा कमी करावासा वाटला तर तो एकटा कमी करता येणार नाही. प्रत्येक चॅनेल वेगळा यूएसबीतून पाठवणारे मिक्सर मिळतात, पण ते घेताना "यूएसबी मिक्सर" या शब्दावर विसंबू नका, कारण त्यातले कितीतरी मिक्सर यूएसबीतूनही फक्त मुख्य स्टिरिओ जोडीच पाठवतात. कार्यक्रमांसाठी मिक्सर हवाच असेल तर गोष्ट वेगळी.

तुम्हाला आधी हवा आहे तो पॅचबे. एका रॅक युनिटमध्ये वर २४ आणि खाली २४ अशी ४८ भोके असलेली ही निर्जीव पट्टी आहे, तिला वीजही लागत नाही. मागच्या बाजूला सगळी यंत्रे कायमची जोडून टाकायची आणि रोजची अदलाबदल पुढच्या बाजूने वीतभर लांबीच्या केबलने करायची. रिवाज असा की वरच्या ओळीत सगळे आउटपुट येतात आणि खालच्या ओळीत सगळे इनपुट. तुमचा हिशेब करून पाहू: वर्कस्टेशनच्या दोन तारा, मोनो सिंथची एक, स्टिरिओ सिंथच्या दोन, ऑक्टापॅडच्या दोन, पेडलच्या दोन आणि रिव्हर्बच्या दोन, अशा अकरा तारा वरच्या ओळीत येतील. खालच्या ओळीत इंटरफेसचे दोन इनपुट, पेडलचे दोन आणि रिव्हर्बचे दोन असे सहा. म्हणजे निम्मी पट्टी रिकामीच राहते आणि पुढे घेतल्या जाणाऱ्या वाद्यांची सोय आजच होते.

पॅचबेमधली प्रत्येक उभी जोडी तीनपैकी एका पद्धतीने लावता येते, आणि नवशिक्यांची गल्लत नेमकी इथे होते. नॉर्मल आणि हाफ-नॉर्मल या पद्धतींत पुढे काहीही खुपसलेले नसताना वरचे भोक खालच्या भोकाला आतून जोडलेले असते; थ्रू पद्धतीत ते कधीच जोडलेले नसते. वर्कस्टेशन तुम्ही सर्वांत जास्त वापरता, म्हणून त्याचे दोन आउटपुट इंटरफेसच्या दोन इनपुटांच्या बरोबर वर घ्या आणि त्या जोड्या हाफ-नॉर्मल ठेवा. मग काही न करता कीबोर्ड संगणकात ऐकू येईल, आणि मोनो सिंथ हवा असेल तेव्हा त्याच्या भोकातून इंटरफेसच्या भोकात एक केबल घातली की त्या इनपुटातून कीबोर्ड आपोआप बाजूला होईल. पेडल आणि रिव्हर्ब यांच्या जोड्या मात्र न चुकता थ्रूवर ठेवा. डिलेचे आउटपुट वर आणि त्याचेच इनपुट खाली आले, आणि ती जोडी हाफ-नॉर्मल राहिली, तर पेडल स्वतःचाच आवाज स्वतःला पाजत बसते. माझ्या स्टुडिओतला पहिला पॅचबे मी रात्री अकरा वाजता जोडून पूर्ण केला आणि स्पीकर चालू केले, तेव्हा डिलेने जी किंकाळी फोडली ती ऐकून वरच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता खाली आले होते.

मागच्या बाजूला सतरा केबल लागतील. तयार विकत घेतल्या तर खर्च बराच होतो, म्हणून घरीच करा असा माझा सल्ला आहे. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पाव इंची जॅक मागितला तर दुकानदार गोंधळून पाहतो; "पी-३८ मोनो पिन" म्हणा, लगेच काढून देतो. धातूच्या वेष्टणाचीच पिन घ्या. शिल्ड असलेल्या तारेची बाहेरची जाळी नीट पिळून एका बाजूला करा, आतल्या तारेला आणि जाळीला आधी कथिल लावून घ्या आणि मगच पिनेला डाग द्या. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या टोकाला शिवला तरी केबल मुकी होते. म्हणून प्रत्येक केबल झाकण फिरवून बंद करण्याआधी मल्टिमीटरने तपासा: टोक ते टोक आणि बाही (पिनेचा टोकामागचा धातूचा भाग) ते बाही मीटर वाजला पाहिजे, टोक ते बाही वाजता कामा नये. सिंथचे आउटपुट बहुधा अनबॅलन्स्ड असतात, म्हणजे वाटेत शिरलेली खरखर त्यांना आपोआप गाळता येत नाही, त्यामुळे पाच-सहा मीटरपेक्षा लांब केबल टाळा. ऑक्टापॅड खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (आवाज लांबच्या तारेसाठी बॅलन्स्ड करून देणारा डबा) घाला.

आता मिडीकडे वळू. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही; कोणती पट्टी किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढा निरोपच जातो. १९८३ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये या तारेने जोडून दाखवली गेली, आणि तीच ५ पिनांची तार आजही तुमच्या कीबोर्डमागे आहे. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतकाच आहे. एका सुराचा निरोप तीन बाइटचा आणि तारेवर प्रत्येक बाइट दहा बिटांचा होतो, म्हणजे एका सुराला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एकट्या सुराला हे काहीच नाही. पण चारही वाद्ये एकाच तारेच्या साखळीत असतील आणि कीबोर्डवर आठ सुरांचा कॉर्ड, बेसचा सूर आणि ऑक्टापॅडचे दोन ठोके एकाच मात्रेवर येणार असतील, तर रांगेत शेवटी उभा असलेला ठोका दहा मिलिसेकंद उशिरा पडतो. मागे लांबवर धरून ठेवलेल्या सुरात हे कळणार नाही. हलगीच्या काडीला मात्र लगेच कळते, कारण एक ठोका फाटून दोन झाल्यासारखा लागतो.

म्हणून साखळी करू नका. चार मिडी आउटपुट असलेला एक मिडी इंटरफेस घ्या आणि प्रत्येक वाद्याला स्वतंत्र तार द्या. तेवढे बजेट नसेल तर दोन आउटपुटांचा घ्या: एक ऑक्टापॅडला एकट्याला आणि दुसरा थ्रू बॉक्समधून (एकाच निरोपाच्या अनेक प्रती करणारा डबा) बाकी तिघांना. एका मिडी तारेवर सोळा चॅनेल असतात आणि वर्कस्टेशन एकटाच ते सोळाही अडवू शकतो, त्यामुळे तिघे एका तारेवर असतील तर वर्कस्टेशनला १ ते १० आणि दोन सिंथना ११ आणि १२ असे चॅनेल वाटून द्या आणि वर्कस्टेशनमध्ये ११ व १२ बंद करा. तुमचे छोटे सिंथ नवे असतील तर त्यांच्यावर गोल भोकाऐवजी साडेतीन मिलिमीटरचे, आपण ज्याला ईपी पिन म्हणतो तसले, भोक असेल. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार प्रचारात होते आणि २०१८ मध्ये ए हा प्रमाण प्रकार ठरला. चुकीचा ॲडॉप्टर लावला तर बिघडत काही नाही, पण वाजतही काही नाही, आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरची सेटिंग चाळत बसतो.

उलट, गोल ५ पिनांचे भोक दिसले म्हणजे ते मिडीच असते असेही नाही. मिडीच्या आधीच्या रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर हुबेहूब तसेच दिसणारे डिन सिंकचे भोक असते आणि त्यातून फक्त लयीचे ठोके आणि सुरू-बंदचा इशारा जातो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथवर राग वाजवून रेकॉर्ड केले ते याच दोन यंत्रांच्या साथीने, तेव्हा मिडी नव्हतेच. असे जुने यंत्र कधी हाती आले तर मध्ये रूपांतर करणारा डबा लागेल.

एक सूर दोनदा वाजण्याचे कारण सोपे आहे. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा कीबोर्ड तो सूर स्वतः वाजवतो आणि मिडीतून लॅपटॉपलाही कळवतो. लॅपटॉपमधला ट्रॅक तोच निरोप परत कीबोर्डला पाठवतो आणि कीबोर्ड तो पुन्हा वाजवतो. दोन्ही सूर काही मिलिसेकंदांच्या अंतराने पडल्यामुळे आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ होतो आणि एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या निम्मी होते. कीबोर्डच्या मिडी मेनूमध्ये लोकल कंट्रोल नावाची सेटिंग असते, ती ऑफ करा. तिथे सापडली नाही तर सॉफ्टवेअरमधून कंट्रोल क्रमांक १२२ ला शून्य ही किंमत पाठवा. आणि कार्यक्रमाला जाताना ती पुन्हा ऑन करायला विसरू नका. परतूरकडच्या एका गावात भीमजयंतीच्या कार्यक्रमात माझा कीबोर्ड दहा मिनिटे मुका राहिला होता. केबल बदलल्या, साउंडवाल्याशी वाद घातला, आणि शेवटी लक्षात आले की आदल्या रात्री स्टुडिओत लोकल ऑफ करून मी तसाच तो पेटीत भरला होता.

लयीचा मालक एकच ठेवा, तो म्हणजे संगणक. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके पाठवते, म्हणजे १२० च्या लयीत सेकंदाला ४८. ज्यांना ते खरोखर लागते त्यांनाच पाठवा: सिंथचा अर्पेजिओ (धरलेल्या कॉर्डचे सूर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय), आणि डिले पेडल मिडी घेत असेल तर तो. बाकीच्यांना क्लॉक बंद करा, तेवढीच तार मोकळी राहते.

किरकिरीसाठी आधी दोन आवाजांत फरक करायला शिका. खर्जातली घुमणारी घरघर असेल तर ती ५० हर्ट्झच्या विजेची किंवा तिच्या दुपटीची असते. माउस हलवल्यावर किंवा स्क्रीनवर काही सरकवल्यावर बदलणारी बारीक किरकिर लॅपटॉपची असते. ती यूएसबीच्या ग्राउंडमधून सिंथमध्ये जाते आणि ऑडिओ केबलमधून इंटरफेसमार्गे परत लॅपटॉपकडे येते, म्हणजे एक वेटोळे तयार होते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. किरकिर थांबली तर निदान पक्के. औषध तुमच्या हातात आहे: ज्या वाद्याला गोल मिडीचे भोक आहे त्याला यूएसबीने जोडूच नका. मिडीच्या मूळ रचनेतच घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो, निरोप प्रकाशाने पलीकडे जातो आणि दोन यंत्रांचे ग्राउंड एकमेकांना शिवत नाहीत. ज्याला फक्त यूएसबीच आहे त्याच्यासाठी ऑडिओच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घाला. चार्जरची किंवा वाद्याची अर्थिंगची पिन मोडून आवाज घालवणारे महाभाग सगळीकडे आहेत. त्यांचे ऐकू नका. त्या पिनेवर तुमचा जीव टांगलेला असतो.

घरघर असेल तर घराच्या अर्थिंगकडेच पाहावे लागते, आणि आपल्या भागात त्याला ऋतू असतो. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तोवर अर्थिंगचा खड्डा बरे काम करतो. एप्रिल-मे मध्ये तीच जमीन हाताची बोटे जातील एवढ्या भेगा घेते आणि कोरड्या मातीचा विरोध वाढतो. माझ्याकडे जुलैत अगदी शांत असलेला स्टुडिओ दर उन्हाळ्यात गुणगुणू लागायचा, ते ऐन भीमगीतांच्या रेकॉर्डिंगच्या घाईत. वायरमनला बोलावून खड्डा नव्याने भरून घेतला आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओततो. सगळी वाद्ये, इंटरफेस आणि स्पीकर एकाच भिंतीवरच्या एकाच अर्थिंगच्या पॉइंटवरून चालवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करत असाल तर तो प्युअर साइन वेव्ह असायला हवा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचे ॲडॉप्टर स्वतःच भुणभुणतात आणि ती भुणभुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते. पेडलना बहुधा ९ व्होल्ट आणि मध्ये ऋण असा पुरवठा लागतो, छोट्या सिंथना अनेकदा मध्ये धन असा. दोन्हींच्या पिना एकमेकांत बसतात, म्हणून प्रत्येक ॲडॉप्टरवर वाद्याचे नाव आजच चिकटवून टाका.

आता इफेक्ट. तुमच्या इंटरफेसचे दोन्ही आउटपुट स्पीकरला गेले आहेत, त्यामुळे रेकॉर्ड झालेला ट्रॅक पेडलकडे पाठवून परत आणण्याची वाट सध्या नाही. पण पॅचबे लागला की सिंथ ते पेडल आणि पेडल ते इंटरफेस अशी वाट पुढूनच करता येते, आणि मला विचाराल तर हीच पद्धत चांगली आहे, कारण डिलेचा नॉब सुराबरोबर फिरवता येतो आणि निर्णय तिथल्या तिथे होतो. सिंथची पातळी पेडलसाठी जास्त असते. व्यावसायिक लाइन पातळी +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्टच्या आसपास, घरगुती -१० डीबीव्ही म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास, आणि गिटारची पेडल त्याहून कमी अपेक्षितात. सिंथचा आवाज निम्म्यावर आणून पेडलमध्ये सोडा आणि कान फाटेल असे वाटले तर आणखी उतरवा. संगणकात सर्वांत मोठा ठोका -१२ डेसिबलच्या जवळ राहिला तरी २४ बिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये काही गमावत नाही. वाद्ये इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्येच घाला आणि माइकसाठीचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद ठेवा.

पुढे जास्त आउटपुटांचा इंटरफेस आला तर ट्रॅक बाहेर पाठवून परत आणता येईल, आणि तेव्हा उशिराचा हिशेब करावा लागेल. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलच्या (आवाजाच्या आकड्यांच्या) साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, एका दिशेला सुमारे ५.३ मिलिसेकंद जातात, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट आणि वर थोडे. रिव्हर्ब पूर्ण ओला (मूळ आवाज न मिसळता फक्त गुंज) ठेवून सेंडवर, म्हणजे मूळ ट्रॅकच्या वेगळ्या वाटेवर, वापरला तर हा उशीर गुंज सुरू होण्याआधीच्या प्री-डिलेसारखा मुरून जातो. डिस्टॉर्शनचा ट्रॅक मूळ ट्रॅकच्या जोडीने वाजवला तर मात्र दोघे एकमेकांना खातात आणि आवाज टिनपाट होतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी रीपरमध्ये रीइन्सर्ट, क्युबेसमध्ये एक्स्टर्नल एफएक्स आणि लॉजिकमध्ये आय/ओ या सोयी स्वतः एक टिचकी पाठवून उशीर मोजतात. एबलटन लाइव्हमध्ये तो आकडा हाताने भरावा लागतो. हाच हिशेब सिंथलाही लागू आहे. मिडीतून एक कोरडा, टोकदार ठोका वाजवा, त्याचा ऑडिओ नोंदवा, मोठा करून पाहा आणि रेषेपासून लहर जिथे सुरू होते तिथपर्यंतचे सॅम्पल मोजा. ४८० निघाले तर ४८ किलोहर्ट्झला बरोबर १० मिलिसेकंद. प्रत्येक वाद्याचा आकडा वेगळा निघेल, तो पॅचबेवरच्या पट्टीवर लिहून ठेवा.

इनपुट वाढवायचे ठरले तर दुसरा स्वस्त इंटरफेस घेऊन दोन्ही एकदम चालवायचा विचार सोडा. विंडोजवर सॉफ्टवेअर साधारणपणे एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांना थेट जोडणारा प्रोग्रॅम) घेते. त्याऐवजी सध्याच्या इंटरफेसवर चौकोनी झाकणाचे ऑप्टिकल भोक आहे का आणि ते ॲडॅट (प्रकाशाच्या एकाच तारेतून आठ चॅनेल नेण्याची पद्धत) घेते का ते पाहा. घेत असेल तर आठ इनपुटांचा वेगळा कन्व्हर्टर (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा डबा) एका प्रकाशाच्या तारेने जोडता येतो. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला आठही चॅनेल मिळतात, ९६ ला चारच उरतात. कन्व्हर्टरला सॅम्पलची गती ठरवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या घड्याळावर ठेवा आणि इंटरफेसला ऑप्टिकलमधून येणाऱ्या घड्याळावर; दोघेही आपापल्या घड्याळावर चालले तर दर काही सेकंदांनी टिक असा आवाज येतो, आणि तो केबल बदलून जात नाही.

पहिल्या दिवशी सगळे जोडू नका. वर्कस्टेशन, मिडीची जाण्याची आणि येण्याची अशा दोन तारा, दोन ऑडिओ तारा, एवढेच लावा, लोकल ऑफ करा आणि एखादे गाणे पूर्ण रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऑक्टापॅड घ्या, त्यानंतर सिंथ आणि पेडल सर्वांत शेवटी. वाढवताना जिथे घरघर सुरू होईल तिथेच थांबा, कारण दोष शेवटी लावलेल्या यंत्रात किंवा त्याच्या तारेत असतो आणि तो शोधायला पाच मिनिटे लागतात. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.